हॅचवरची कापडी झोळी: ५ पैकी ३ तारे
मे महिना, गेटवेसमोर मुरिंगला (तळाशी कायम नांगरलेल्या बोयाला) बांधलेली आमची २५ फुटी शिडाची होडी आणि दुपारी दोनला केबिनमध्ये ३८ अंश. पंखा नुसती गरम हवा ढवळायचा. म्हणून पुढच्या हॅचवर, म्हणजे केबिनच्या छतातल्या झडपेवर, लावायची ही नायलॉनची झोळी मागवली. वरचं टोक हॅलयार्डला (शीड चढवायच्या दोराला), खालचे कोपरे हॅचच्या आत. खारा वारा सुटला की तिचं पोट फुगतं, हवा थेट बंकवर, झोपायच्या जागेवर; अर्ध्या तासात ३४. पण ओहोटी लागली की होडी प्रवाहाकडे तोंड फिरवते, वारा बाजूने येतो नि झोळी ओल्या टॉवेलसारखी लोंबते. शिवण पहिल्याच हंगामात उसवली. बायकोने मशीनवर मारून दिली. खरं सांगू? बूमवरून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून) जुनं पांढरं शीड ताणून डेकवर सावली केली, त्याचा फरक जास्त पडला. तेही फुकटात.