लोकलचा प्रकल्प रद्द झाला आणि आमचे १ लाख ९ हजार ५० रुपये गेले, खारपट्ट्यातल्यांनी नक्की वाचा

पेण तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या पट्ट्यातून लोकल पुढे न्यायचा जो प्रकल्प होता तो रद्द झाला, त्या दिवशी गावात फटाके वाजले. आमची ३८ गुंठे भातशेती त्यात जात होती. जमिनीपेक्षा मोठी भीती भरावाची होती, कारण खारबंदिस्तीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आत एवढा उंच भराव टाकला की पावसाचं पाणी उघाडीपर्यंत (बांधातल्या पाणी सोडायच्या दारापर्यंत) पोचणारच नाही आणि राहिलेली शेतं कुजणार, हे आम्ही प्रत्येक सुनावणीत ओरडून सांगितलंय. बाबा २००८ साली सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी जमीन द्यायची की नाही यावर २२ गावांचं मतदान झालं त्यात होते, त्यामुळे आमच्या घराला भूसंपादन म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. हे आधीच लिहितेय कारण "तुम्ही एवढे शिकलेले आणि फसलात कसे" हे मी गेल्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं.

रद्द झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत तो माणूस आला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. आंदोलनाच्या मीटिंगला दोनदा बघितलेला, ओळखीतल्या एकाने घरी आणलेला. आईला मावशी, मला ताई. म्हणाला मी प्रांत ऑफिसला भूसंपादनाचंच काम बघतो, प्रकल्प रद्द झाला तरी तुमच्या सातबाऱ्यावरचा शिक्का (संपादनाची नोंद) आपोआप निघत नाही, तो काढून घ्यावा लागतो, नाहीतर उद्या विकायला किंवा कर्ज काढायला गेलात तर अडकाल. आणि पिशवीतून आमच्याच गटाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढली, इतर हक्कात स्पष्ट छापलेलं, "रेल्वेकरिता संपादन प्रस्तावित". आई बघतच राहिली.

मला खरंच वाटलं. अधिसूचनेत आमचा गट नंबर होता, तो मला पाठ आहे, आणि त्याच्या कागदावर तोच नंबर. कोणाला संशय येईल?

पहिले ४,५०० अर्ज आणि नोटिसांसाठी. मग १८,२०० शिक्का काढायची "सरकारी फी". मग आठ दिवसांनी फोन, ताई चांगली बातमी, जमीन सहा वर्षं अडकवून ठेवली म्हणून तुम्हाला ३१ लाख भरपाई मंजूर होतेय, २ टक्के आधी भरायचे, म्हणजे ६२,०००. ते दिल्यावर आगाऊ टीडीएस म्हणून २४,३५०. बेरीज १,०९,०५०. यातले ६० हजार आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून आणले. भाऊ पनवेलला असतो, त्याला सांगितलं नव्हतं, कारण सातबाऱ्यावर आई, मी, तो आणि आत्या असे चौघं, आणि सगळ्यांना विचारत बसलो तर मुदत जाईल असं त्या माणसाने डोक्यात भरवलेलं. घाई लावणं आणि घरातल्यांपासून लपवायला लावणं, एवढं दिसलं तरी दार लावून घ्या.

आत्याला मात्र कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "अगो बाय, रेल्वे गेली ना, मंग पैसं कसलं मागतंय तो?" मी तिला म्हटलं तुला कायद्यातलं कळत नाही. चौथी पास बाईला मी असं बोलले हे मला अजून झोपू देत नाही.

आणि आता ते पत्र. दोन पत्रं दिली होती त्याने, एक शिक्का निघाल्याचं, एक भरपाई मंजुरीचं, दोन्हींवर गोल निळा शिक्का आणि सही. दुसरं पत्र आलं तेव्हा मी पहिलं काढून शेजारी ठेवलं होतं, तारीख बघायला. दोन्हींवर शिक्का डावीकडे तेवढाच कललेला. खालच्या बाजूला "कार्यालय" शब्दातला "ल" दोन्हींवर अर्धाच उठलेला. सहीची शेपटी दोन्हीकडे त्याच ओळीला टेकलेली. हाताने मारलेला शिक्का दोनदा असा एकसारखा कधी पडतो का? माझी नजर तिथे थांबली होती, अगदी अर्धा मिनिट, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून मी बघत होते, आणि तेवढ्यात त्याचाच फोन वाजला की आज पाचच्या आत भरा. मी कागद घडी करून डब्यात ठेवले आणि ६२,००० पाठवले. पाठवताना मोबाइलवर समोरच्याचं नाव आलं ते कुठल्यातरी ट्रेडर्सचं. सरकारी फी ट्रेडर्सच्या खात्यात जात नाही हो! ती ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या साइटवर, चलनाने भरली जाते, चलनाला जीआरएन नंबर असतो, तो नंबर नाही तर ती फी नाही. हे मला माहीत होतं, वारस नोंदीच्या वेळी वकिलाने शिकवलेलं. तरी दिले.

चौथा हप्ता दिल्यावर फोन बंद. मग मी महाभूमीच्या डिजिटल सातबारा साइटवर गेले, १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. इतर हक्कात रेल्वेचं काहीही नाही. नव्हतंच कधी. फेरफार बघितले, तिथेही नाही. त्याची झेरॉक्स बनावट होती, खालची पडताळणीची ओळ कापली गेलेली, ती मला झेरॉक्सवाल्याची चूक वाटली होती. १५ रुपये. आधी काढला असता तर बाकी सगळे वाचले असते. त्या आठवड्यात साइट दोन दिवस चालत नव्हती हे खरंय, पण तिसऱ्या दिवशी मी परत बघितलं नाही हेही खरंय.

नंतर वकिलाकडून कळलं की असल्या प्रकल्पांना लागू होणारी २००८ ची दुरुस्ती आहे रेल्वे कायद्यात, कलम २०ए ची (जमीन घ्यायचा इरादा सांगणारी) अधिसूचना निघाल्यापासून वर्षात २०ई ची (जमीन घेतल्याची) घोषणा निघाली नाही तर ती अधिसूचना आपोआप संपते. आमच्याकडे घोषणा निघालीच नव्हती. म्हणजे प्रकल्प रद्द व्हायच्या कितीतरी आधी आमची जमीन मोकळी होती, कोणाला एक रुपया द्यायची गरज नव्हती. हे आम्हाला कोणी सांगितलं? संपादनाची नोटीस द्यायला माणूस घरी आला होता, सही घेऊन गेला. रद्द झाल्याचं एका ओळीचं पत्र कोणाच्या घरी आलं नाही. आम्ही पेपरात वाचलं. ज्यांनी सहा वर्षं विहीर खणली नाही, घराचा वरचा मजला चढवला नाही, त्यांना तुमचा गट मोकळा झाला एवढं लेखी कळवायला काय जात होतं? त्या न आलेल्या पत्राच्या जागी हा चोर बनावट पत्र घेऊन आला आणि आम्हाला ते खरं वाटलं, यात सगळी चूक आमचीच आहे हे मी मान्य करणार नाही.

तहसीलला गेले तर म्हणे हे पत्र आमचं नाही. मग तसं लिहून द्या म्हटलं तर लिहून देत नाहीत. तीन चकरा. शेवटी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलंय की हा जावक क्रमांक तुमच्या रजिस्टरला आहे का. तुम्हीही तोंडी विचारू नका, अर्ज टाका, पोच घ्या. पोलीस ठाण्यात सांगितलं ऑनलाइन पैसे गेलेत, अलिबागला सायबरला जा. अलिबागला सांगितलं माणूस घरी येऊन गेलाय, तुमच्या ठाण्यातच जा. एसटीने जाऊन-येऊन दोन दिवस, आई बरोबर. एकाने आईसमोर विचारलं, ३१ लाख कशाचे मिळणार वाटलं तुम्हाला? आई काही बोलली नाही, परत येताना वडखळपर्यंत रडत होती. नवीन कायद्यात, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे मी छापून नेलं तेव्हा कुठे तक्रार घेतली. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवले. आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी अकराव्या दिवशी फोन केला, लाजेने. तो पहिल्या तासात करायचा असतो, तेव्हाच पैसे अडवता येण्याची काही आशा असते.

आमच्याच पट्ट्यात अजून सहा घरं निघालीत, दोघांनी तर अजून घरात सांगितलेलं नाही. सगळ्यांच्या पत्रावर तोच कललेला शिक्का आणि तोच अर्धा "ल". तुमच्याकडे असं पत्र असेल तर फाडू नका, झेरॉक्स काढून मूळ कागद स्वतःकडे ठेवा, पोलिसांना दिला तर पंचनाम्याची प्रत मागा. येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही सातही घरं एकत्र तहसीलला जातोय, पत्र घेऊन या. आत्यापण येतेय.