खारपाणपट्ट्यात चेकरबोर्ड सिक्लिड: घरगुती आरओचे आठ महिने

चेकरबोर्ड सिक्लिड, म्हणजे डायक्रॉसस फिलामेंटोसस, हा रिओ निग्रो आणि ओरिनोकोच्या काळ्या, मऊ पाण्यातला मासा. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या भागात, बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मात्र 1400. मध्ये साधा घरगुती आरओ.

मशीन कामाचं आहे, पण दुकानातून येतं तसंच लावलं तर पैसे वाया. आत टीडीएस ॲडजस्टर नावाचा बारका स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करायचा, आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधीच नळी काढून घ्यायची. एवढ्यानं आकडा 210वरून 75वर आला. उरलेलं बहुतेक साधं मीठ. जडपणा किटवर जवळपास शून्य. गाळाचा फिल्टर दर दोन महिन्यांनी बदलावा लागला. आता आकडा 110 दाखवतोय, म्हणजे मेंब्रेन (क्षार अडवणारा आरओचा पडदा) संपत आलं. एका लिटरमागे तीन लिटर पाणी वाया जातं. ते फरशी पुसायला वापरा, परसबागेत नको.

100 लिटरच्या टँकला देशी बदामाची सहा-सात वाळलेली पानं टाकली की पीएच साडेपाचच्या आसपास राहतो. खरी गोम इथेच आहे. इतक्या आम्ल पाण्यात फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात, पण माशांच्या घाणीतून येणारा हा विषारी अमोनिया अमोनियम होऊन जवळपास निरुपद्रवी पडून राहतो. घाईत बादलीभर बोअरचं पाणी ओतलं की पीएच चढतो, अमोनियमचा परत अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन धापा टाकतात. म्हणून खाणं थोडंच, दर आठवड्याला फक्त 10 लिटर बदल, आणि लाइट जाते म्हणून झाकणाच्या ड्रममध्ये 40 लिटर आरओ कायम भरून.

मे महिन्यात टँक 33 अंशांवर गेला. खोलीत कूलर आणि पाण्यावर छोटा पंखा लावल्यावर 29. रोज दोन-तीन लिटर उडतं. ती भर निव्वळ आरओनेच घाला, क्षार उडत नाहीत.

मादीनं पानावर घातलेली अंडी 75 टीडीएसला पांढरी पडली. निम्मं पावसाचं पाणी मिसळल्यावर पिल्लं निघाली. पाणी अंगणात ताडपत्री ताणून धरा, पहिल्या दोन सरी सोडून. स्लॅबचं पाणी चुन्यानं जड होतं, पत्र्याचं जस्त घेऊन येतं. आणि शेजारी कपाशीवर फवारणी चालू असेल, तर त्या आठवड्यात पावसाच्या पाण्याचा ड्रम उघडूच नका.