जुना छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी ब्लोअरचा विचार करा

सांगोला-पंढरपूर भागात बागेसाठी जुना छोटा ट्रॅक्टर शोधणारा माणूस बहुतेक वेळा दोन गाड्यांत अडकतो: महिंद्रा युवराज २१५ आणि कुबोटा निओस्टार बी२४४१. युवराज १५ एचपीचा, एका सिलिंडरचा, टू व्हील, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारा. कुबोटा २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर व्हील, म्हणजे चारही चाकं ओढणारा.

लिफ्टचा, म्हणजे मागं अवजार उचलायच्या ताकदीचा, आकडा बघून ठरवू नका. युवराजची लिफ्ट ७७८ किलोची, कुबोटाची ७५० किलोची, म्हणजे सारखीच धरा. फरक कळतो पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला. युवराजच्या पीटीओवर साडेअकराच्या आसपास एचपी मिळते. छोटा रोटाव्हेटर, आंतरमशागत, बागेतून माल बांधावर आणणं, एवढ्याला ती पुरते. डिझेल कमी पितो, पार्ट तालुक्याला मिळतात, गावातला मिस्त्रीही खोलतो. रान मुरमाड आहे, बाग दोन-तीन एकर आहे आणि फवारणी एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपानं पाइप ओढून करता, तर युवराज घ्या. उगाच जास्त पैसे अडकवू नका.

ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेनं औषध उडवणारा टाकीवाला फवारा, जोडणार असाल तर मात्र माझं मत वेगळं आहे. डाळिंबाचा मृग (पावसाळी) बहार धरलाय, रात्रभर पाऊस झालाय, तेल्या रोगाच्या भीतीनं सकाळी फवारणी केलीच पाहिजे आणि रानाला वाफसा नाही. मागं ५०० लिटरची टाकी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच ५०० किलो. काळ्या रानात टू व्हीलची मागची चाकं ओळीच्या मधोमध जागेवर फिरायला लागतात, दोन्ही बाजूंना फळांनी लगडलेल्या फांद्या, आणि गाडी ना पुढं ना मागं. त्या एका सकाळसाठी फोर व्हील हवा, म्हणजे इथं कुबोटा. द्राक्षवाल्यांना डाऊनी (केवडा) रोगाच्या दिवसांत हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

व्हीएसटीचा एमटी १८०डी या दोघांच्या मधला. १८.५ एचपी, तीन सिलिंडर, त्यामुळं थरथर कमी. पण लिफ्ट ५०० किलोची, जड अवजार असेल तर सोडून द्या.

फोर व्हील जुना घेताना पुढचा एक्सल आधी बघा. तिथलं तेल दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. पुढचे टायर वेगळ्या मापाचे किंवा एकच नवा असेल तर गिअरवर ताण आलेला असतो. मॉडेलच्या वर्षापेक्षा तासांचं मीटर महत्त्वाचं, कारण ब्लोअरवर गाडी उभ्या-उभ्याही इंजिन झिजवते. मीटर बंद असेल तर मडगार्डच्या आतून हात फिरवा. फवारणीतल्या मोरचुदाचे निळसर डाग आणि पापुद्रे सुटलेला पत्रा हाताला लागला, की गाडी बागेत किती राबली ते कळतं.

माझ्या पहिल्या जुन्या गाडीत मी लिफ्ट तपासली नव्हती. घरी आणून रोटाव्हेटर उचलला, इंजिन बंद केलं, आणि चहा संपायच्या आत तो जमिनीला टेकला. लिफ्टचं काम निघालं आणि पेरणीचे दिवस गेले. म्हणून अवजार वर उचलून, इंजिन बंद करून अर्धा तास तिथंच बसा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच बैठकीत घ्या. आणि गाडी बघायला सकाळी लवकर जा. तुम्ही पोचायच्या आधीच बोनेट गरम असलं, तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं हे लपवायला गाडी आधीच चालू केलेली असू शकते; व्यवहार थांबवा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता परत जा.