जुनी नाणी विकायची आहेत? लोहचुंबक घेऊन घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी

जुनी नाणी विकायची म्हटलं की सगळे फोनवरच्या भामट्यांबद्दल सावध करतात. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या आणि लाखो रुपये घ्या, फक्त आधी नोंदणीचे भरा, मग जीएसटीचे भरा. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, त्यासाठी बँक कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे फोनवर आम्ही कुणाला दाद दिली नाही. आम्हाला फसवणारा माणूस घरी आला, सतरंजीवर मांडी घालून बसला, बिनसाखरेचा चहा प्यायला आणि जे बोलला त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं.

नाणी माझ्या सासऱ्यांची. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हळद घेऊन येणारी खेड्यातली माणसं त्यांचा नाद ओळखून होती. कुणी आजीच्या माळेतून सुटलेला राणीछाप रुपया आणून द्यायचं, कुणी ढब्बू पैसे, कुणी भोकाचा पैसा. अण्णा त्याचे पैसे मोजून द्यायचे आणि रात्री लाल बांधणीच्या वहीत नोंद करायचे: साल, वजन, कुणाकडून आलं. 2019 च्या महापुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओल धरली आणि तांब्याची नाणी हिरवी पडली. अण्णा गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. दोन भाऊ, एक बहीण. नाणी वाटायची कशी? विकून पैसे वाटू, असं ठरलं.

ओळखीतून या गृहस्थाचा नंबर मिळाला. कार्डावर नाव आणि मोबाइल, दुकानाचा पत्ता नाही. "मी गावोगाव फिरतो ताई, दुकान टाकून कुठं परवडतंय," म्हणाला.

त्याची कामाची पद्धत सविस्तर सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे.

आल्या आल्या त्याने पेपर अंथरला, पिशवीतून छोटा डिजिटल काटा काढला आणि एक लोहचुंबक. 1947 चे वाघाच्या छापाचे रुपये चुंबकाला टपकन चिकटले. "ही निकेलची. यात चांदी नाही, तुमच्याकडंच ठेवा, पोरं खेळतील." मग 1940 ते 1945 चे रुपये वेगळे केले. त्यात निम्मीच चांदी असते म्हणाला, आणि ते बरोबर आहे. युद्धाच्या काळात सरकारने चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली होती. एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, 1818 असं लिहिलेलं एक नाणं होतं. अण्णांनी ते हौसेने ठेवलं होतं. ते त्याने आमच्या हातात परत दिलं. "हे नकली. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. कुणी लाखाला मागितलं तर समजा तोच चोर." हेही खरं.

एवढं झाल्यावर माझे दीर, जे भाजीवाल्याचाही काटा तपासतात, ते उठून बाहेर फोनवर बोलायला गेले.

मग त्याने ढीग घातले. राणीचे, एडवर्डचे, पंचम जॉर्जचे रुपये एका ढिगात, सरसकट चांदीच्या भावाने. त्या दिवशीचा भाव त्याने मोबाइलवर दाखवला, घट किती धरली तेही सांगितलं. वाजवी वाटलं. तांब्याच्या ढिगाला हात लावून म्हणाला, "ही कुजलीत. मोडीत धरतो." त्यात शिवराया होत्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी. झिजलेल्या होत्या, पण एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' वाचता येत होतं. किलोवर गेल्या. फारसी अक्षरांचा एक जाड रुपया त्याने उलटून पाहिला. "निजामाकडचं कायतरी दिसतंय. याला गिऱ्हाईक नाही, चांदीत टाकू?" मुख्य थाप ही होती. मिरजेचं जुनं नाव मुर्तजाबाद, आणि अण्णांच्या वहीत त्या रुपयापुढे स्वच्छ लिहिलेलं होतं: 'मुर्तजाबाद टांकसाळ, म्हणजे आपली मिरज'. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर पाडलेला रुपया सांगलीतल्याच घरातून मोडीच्या भावाने गेला. वही तेव्हा ट्रंकेच्या तळाशी होती.

शेवटी त्याने आठ नाणी बाजूला काढली. "ही जरा बरी आहेत. वजनावर देऊ नका, तुमचं नुकसान होईल. पुण्याला पार्टी आहे, दाखवून आणतो. पटलं तर द्या, नाही तर परत." आणि न मागता चिठ्ठी लिहून दिली: 'जुनी नाणी 8 नग, दाखवण्यासाठी नेली'. खाली सही.

ठरल्याप्रमाणे नाणी परत आली. पार्टीला पसंत नाहीत म्हणाला. आम्ही मोजली, आठ नग होते.

दिवाळीत पुतण्या आला तेव्हा त्याने वही आणि नाणी लावून बघायला सुरुवात केली. वहीत 1939 चा एक रुपया होता, वजन 11.66 ग्रॅम, शेजारी 'सराफाकडे तोलून घेतला'. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया नाणी जमवणाऱ्यांत फार मागणीचा. त्या सालचे रुपये फारसे चलनात आलेच नाहीत, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही ढिगाने होतात. काही वेळा 1938 च्या नाण्यातला आठ कोरून नऊ केलेला असतो. आमच्याकडे परत आलेल्या आठांत 1939 होता, पण सराफ कट्ट्यावर नेऊन काट्यावर ठेवला तर दहा ग्रॅमच्या थोडा वर भरला. सराफाने भिंग दिलं. राजाच्या मुकुटाशी बारीक बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा ओघळल्यासारख्या, आणि कंगोऱ्यावरून बोट फिरवलं की एका जागी अडकायचं. साच्याच्या दोन भागांचा सांधा तिथं कानशीने घासलेला होता. टांकसाळीत नाणं ठशांनी ठोकून पाडतात, त्याला असा सांधा येत नाही. हे ओतलेलं होतं. आठांतली आणखी दोन तशीच निघाली.

फोन केला. शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या डब्यातलंच आहे ते. चिठ्ठीवर साल लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. पोलिसांत अर्ज दिलाय. दाखवायला दिलेली वस्तू बदलून परत करणं हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम 316 आहे, फसवणुकीला 318. पण अर्ज घेणाऱ्यांनी विचारलं ते रास्तच होतं: नेलेलं नाणं हेच नव्हतं, हे दाखवणारा फोटो आहे का? अण्णांची वही आहे, पण वहीत नाण्याचा चेहरा नाही. पैसे रोखीत मिळालेले. वजनावर विकलेल्या ढिगाबद्दल तर तक्रारही करता येत नाही. तिथं आम्ही भाव ऐकला, काटा पाहिला आणि हो म्हटलं.

या भागात असे बरेच डबे असणार, घराघरांत. म्हणून आता कळलेलं लिहून ठेवते.

डबा कुणापुढेही उघडायच्या आधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जे बरं वाटतं त्याचा काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा आणखी एक. शंभर नाण्यांना एक रविवार पुरतो. ब्रिटिश रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने बरोबर एक तोळा. पूर्वी सराफ रुपयाच वजन म्हणून पारड्यात टाकायचे. 1939 पर्यंतच्या रुपयात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम, 1940 ते 45 च्या रुपयात 5.83. अधेल्या, पावल्या (अर्धा आणि पाव रुपया) त्याच प्रमाणात. त्या दिवशीच्या ग्रॅमच्या भावाने गुणलं की कमीत कमी किंमत हातात येते. तिच्या खाली कुणी बोललं तर चहासुद्धा करू नका. आणि वर बोललं तर विचारा, कुठल्या नाण्याला वर? ढिगाला वरचा भाव मिळाला की समजावं, त्या ढिगात त्याला काहीतरी दिसलंय.

नाणी घासू नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काही नको. हिरवी पडलेली शिवराई घासून लखलखीत केली की संग्राहकाच्या लेखी ती मेली. वरच्या जुन्या थराबरोबर किंमतही जाते.

मग विकायची कुठं? सगळी एकाच ठिकाणी विकू नयेत, हे माझं मत पक्कं झालंय. झिजलेले, भोक पाडलेले, माळेत कडी लावून ओवलेले राणीछाप रुपये सराफाकडे चांदीच्या भावाने द्यायला हरकत नाही. चांदीची पारख आपल्या जिल्ह्यात काही कमी नाही. विटा-खानापूरची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं देशभर तोच धंदा करतात. फक्त गलाईवाल्याला चांदी कळते, टांकसाळ कळेलच असं नाही, आणि मुशीत गेलेलं नाणं परत येत नाही. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ओरड झाली आणि पुढच्या साली ठसा बदलला. चांदी दोन्हीत तेवढीच, संग्राहक मात्र 1911 चा वेगळा मोजतो.

अशी वेगळी नाणी पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथं नुसती दाखवायला न्या. एका टेबलावर विचारा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिल्या टेबलावर विकू नका. खरोखर भारी काही असेल तर मुंबई-पुण्याचे लिलाववाले. ते प्रत्येक नाण्याची फोटोसह पावती देतात, जिच्या खाली विकायचं नाही अशी राखीव किंमत ठरवता येते, कमिशन कापून पैसे खात्यात येतात. उशीर लागतो. वाटणीची घाई असलेल्या घरात हा उशीर सोसत नाही आणि फिरत्या गिऱ्हाइकाला ते बरोबर ठाऊक असतं. आमच्याकडे त्याने पहिला प्रश्न विचारला होता, "घरात किती हिस्सेदार?"

परदेशातला कुणी व्हॉट्सॲपवर 'कुरिअर करा, डॉलर पाठवतो' म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आणि जमिनीत गाडलेलं काही सापडलं असेल तर ते संग्रहात मोडत नाही. त्याला 1878 चा वेगळा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं.

दाखवायला नाणी न्यायची कुणी म्हणालं तर नेऊ देऊ नका, आपण बरोबर जा. अगदीच द्यायची वेळ आली तर चिठ्ठीवर साल, वजन, टांकसाळ, फोटोची प्रिंट आणि त्याच्या आधारकार्डाची प्रत, सही त्या फोटोवर. 'आठ नग' या शब्दांना काही अर्थ नाही.

हा गृहस्थ सध्या तासगाव, पलूस भागात फिरतोय असं ऐकलं. चाळिशीचा, बोलायला मऊ, पिशवीत काटा, लोहचुंबक आणि लहानसं भिंग. पहिल्यांदा तो तुमचं एखादं नाणं नकली आहे म्हणून परत देईल, आणि ते खरंच नकली असेल.