विमानासाठी घेतलेला ट्रायपॉड घरच्या रानवाटांवर: पीक डिझाइन ट्रॅव्हल ट्रायपॉड

परदेशात राहून फिरणाऱ्या फोटोग्राफरच्या सामानाला कात्री लागते तेव्हा पहिला बळी ट्रायपॉडचा जातो. कॅमेरा आणि लेन्स पाठीवर घेता येतात, कपडे मोठ्या बॅगेत जातात, पण हातभराहून लांब दांडा कुठेच मावत नाही. पीक डिझाइन या कंपनीचा ट्रॅव्हल ट्रायपॉड नेमका याच अडचणीवर बेतलेला आहे. २०१९ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून तो बाजारात आला आणि त्याला १ कोटी २० लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. एवढ्या लोकांची अडचण एकच होती, हे त्यावरून दिसतेच.

मुक्काम हलवून घरी परतले की हिशेब बदलतो. विमान मागे पडते आणि पहाटे निघून संध्याकाळी परतायच्या सहली सुरू होतात: दोन-तीन तासांची चढण, ओढ्यातले दगड, माथ्यावरचा वारा, झाडीतला अंधुक उजेड. बॅगेत मावणे हा ज्याचा सगळ्यात मोठा गुण, तो ट्रायपॉड इथे कसा वागतो, एवढेच या परीक्षणात पाहिले आहे.

आधी मापे. मिटल्यावर लांबी ३९ सेंटीमीटर आणि जाडी साधारण ८ सेंटीमीटर, म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढी. मधला दांडा वर काढून पूर्ण उंची १५२ सेंटीमीटर, दांडा खाली ठेवून १३०. कार्बन फायबरच्या मॉडेलचे वजन सुमारे १.३ किलो, ॲल्युमिनियमच्या मॉडेलचे १.५६ किलो. कंपनी सांगते ती भारक्षमता ९.१ किलो. बॉल हेड, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो तो गोळ्यावर सगळीकडे फिरणारा माथा, सोबतच येते.

मिटल्यावर तो इतका सडपातळ कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच निघतात. साध्या ट्रायपॉडचा मधला दांडा गोल असतो. गोल दांड्याभोवती तीन गोल पाय मिटवले की मध्ये पोकळ जागा उरते. इथे दांडाही गोल नाही आणि पायही गोल नाहीत, त्यामुळे मिटल्यावर सगळे एकमेकांत चपखल बसतात. हेडसुद्धा बुटके आहे आणि पायांच्या सांध्यात अर्धे बुडालेले असते. जागेची बचत खरी आहे, त्यात हातचलाखी नाही. पण पायाला एकात एक सरकणारे पाच खण, म्हणजे शेवटचा खण फारच बारीक, आणि हेड सांध्यात बुडालेले, म्हणजे ते मोकळे फिरवायला दांडा वर काढावा लागणार. हे दोन्ही त्या बचतीचे मोल.

उभा करायला मात्र हा ट्रायपॉड झकास आहे. प्रत्येक पायाला खण पक्के करणारे चार लिव्हर. ट्रायपॉड मिटलेला असताना एका पायाचे चारही लिव्हर शेजारी शेजारी येतात आणि एका मुठीत एकदम उघडतात. तीन मुठी, तीन झटके, की पाय मोकळे. पिळून घट्ट करायच्या पायांपेक्षा हे जलद आहे, शिवाय कोणता खण बंद आणि कोणता उघडा हे डोळ्यांना दिसते. चूक होते ती बंद करताना. बारा लिव्हरपैकी एखादा अर्धवट मिटला तर ट्रायपॉड लगेच कोसळत नाही. कॅमेऱ्याच्या वजनाने तो पाय हळूहळू खचतो, आणि मग वीस सेकंदांच्या फोटोत क्षितिज का तिरके आले हे कोडे उलगडत नाही. त्यामुळे कॅमेरा चढवण्याआधी हेडवर तळहात ठेवून तीनही पायांच्या दिशेने एकेकदा जोर द्यावा. पाच सेकंदांचे काम आहे.

लिव्हर सैल पडतातच. कुठल्याही लिव्हरवाल्या ट्रायपॉडला ते चुकत नाही. सोबत ॲलन की (स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली) येते, तिने ताण वाढवता येतो. पाव वळसा द्यायचा, पाय दाबून पाहायचा, गरज पडली तर पुन्हा पाव वळसा. एकदम अर्धा-पाऊण वळसा दिला तर लिव्हर मिटताना अंगठा दुखेल, आणि चार लिव्हर एका मुठीत उघडण्याची सगळी मजा जाईल. ही की घरी ड्रॉवरमध्ये ठेवू नये. तिची गरज रानातच पडते.

आता खरा मुद्दा, स्थिरतेचा. ९.१ किलोचा आकडा वाचून कोणी ४०० मिलिमीटरची लेन्स लावेल तर फसेल. भारक्षमता सांगते की ट्रायपॉड किती वजनाखाली मोडणार किंवा घसरणार नाही. धक्का बसल्यावर तो किती वेळ थरथरत राहील, हे ती सांगत नाही. ती चाचणी घरीच करता येते. ट्रायपॉड पूर्ण उंचीवर उभा करा, सर्वात लांब लेन्स लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दूरच्या एखाद्या दिव्यावर दहापट मोठे करून फोकस करा आणि एका पायाला बोटाने टिचकी मारा. दिव्याचा ठिपका पडद्यावर नाचू लागेल. तो थांबेपर्यंत सेकंद मोजा. मग मधला दांडा खाली घ्या आणि पुन्हा टिचकी मारा. मग प्रत्येक पायाचा शेवटचा खण आत सारा आणि पुन्हा. उंची प्रत्येक वेळी कमी होते आणि ठिपका लवकर शांत होतो. आपल्या कॅमेऱ्यासाठी कामाची उंची कोणती, ते या तीन टिचक्यांत कळते. बहुतेकांचे उत्तर ‘दांडा खाली, शेवटचा खण बंद’ असे येईल. म्हणजे १५२ सेंटीमीटरचा ट्रायपॉड विकत घ्यायचा आणि एक मीटरच्या आसपास वापरायचा. उंच माणसाला वाकावे लागेल. कॅमेऱ्याचा पडदा बाहेर वळत असेल तर त्रास थोडा कमी.

ही थरथर सगळ्याच फोटोंना सारखी नडत नाही. ताऱ्यांचा फोटो २० सेकंदांचा असेल आणि सुरुवातीचा अर्धा सेकंद ट्रायपॉड हलला, तर एकूण प्रकाशातला चाळिसावा हिस्साच बिघडतो, तो दिसतही नाही. १/५०० सेकंदाच्या फोटोत थरथर पकडली जाण्याइतका वेळच नसतो. नडते ती मधल्या पट्ट्यात, साधारण १/३० ते १ सेकंद. आणि झाडीतला उजेड, ओढ्याचे रेशमी पाणी, सूर्योदयाआधीचा निळा प्रहर हे सगळे नेमके याच पट्ट्यात येतात. म्हणून घराजवळच्या सहलींत हा ट्रायपॉड परदेशातल्या शहरांपेक्षा जास्त कसोटीला लागतो. तिथे रात्रीचे पूल आणि इमारती, तेही वारा अडलेल्या जागी. इथे उघडा माथा.

उपाय साधे आहेत, पण एकत्र करावे लागतात. शटर बोटाने दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा. लांब लेन्स असेल तर दहा सेकंदांचा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (फोटोची सुरुवात शटरच्या धक्क्याशिवाय करणारी सोय) असेल तर चालू करावा, आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधी उचलून घ्यावा. जुन्या लेन्समधले स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवावे. ट्रायपॉड स्थिर असतानाही ते हालचाल शोधत बसते आणि चित्र स्वतःच हलवते. कॅमेऱ्याचा गळपट्टा काढून ठेवावा, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. एक पाय नेहमी लेन्सच्या दिशेला, म्हणजे पुढचे वजन त्या पायावर पेलले जाते आणि उभे राहायला मागच्या दोन पायांत जागा मिळते.

दांड्याच्या खालच्या हुकाला बॅग अडकवायचा सल्ला सगळे देतात, पण अर्धाच देतात. वाऱ्यात मोकळी लोंबकळणारी बॅग लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडला झुलवते. पट्टा एवढा लांब ठेवावा की बॅगेचा तळ जमिनीला टेकेल, पण वजनाचा मोठा भाग हुकावरच राहील. हुकाच्या वर, दांड्याच्या पोकळीत, फोन धरायचा चिमटा दडवलेला असतो. कल्पना गोड आहे. ज्याच्या सहलीत फोनवरही चित्रण होते त्याला उपयोग होईल, बाकीच्यांना तो तिथे आहे हे महिन्याभरात आठवणारही नाही.

हेडबद्दल मत दुभंगते. दोन रिंगा आहेत: वरच्या रिंगने कॅमेऱ्याच्या तळाला लावलेली प्लेट पक्की होते, खालच्या रिंगने बॉल सैल किंवा घट्ट होतो. बाजूला आलेली एकही घुंडी नाही, म्हणूनच हे हेड पायांत दडते. उजेडात काही अडचण नाही. अंधारात, हातमोजे घालून, दोन रिंगा बोटांना जवळजवळ सारख्याच लागतात. फ्रेम बदलायला चुकीची रिंग फिरवली जाऊ नये म्हणून एक सवय लावून घ्यावी: रिंग फिरवताना दुसरा हात कॅमेऱ्यावर, नेहमी. खालच्या रिंगेवर चकाकणाऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवला तरी काम भागते.

पॅनोरामा, म्हणजे शेजारचे फोटो जोडून एक रुंद फोटो, काढणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. या हेडला फक्त आडवे फिरण्यासाठी वेगळा लॉक नाही. रिंग सैल केली की बॉल सगळ्याच दिशांना मोकळा होतो, त्यामुळे सहा फोटोंच्या मालिकेत क्षितिज प्रत्येक फोटोत थोडे वेगळे येते. कडेला भरपूर जागा सोडून आणि प्रत्येक दोन फोटोंत तिसऱ्या हिश्शाइतका भाग सामाईक ठेवून काढले, तर सॉफ्टवेअर सांभाळून घेते. पण नेहमीचेच काम पॅनोरामाचे असेल तर दुसरे हेड लावावे. त्यासाठी ॲडॉप्टर वेगळा विकत मिळतो. तो लावला की मिटलेली लांबी आणि जाडी दोन्ही वाढतात, आणि ज्यासाठी हा ट्रायपॉड घेतला तोच फायदा संपतो. उभ्या फ्रेमसाठीही दांडा थोडा वर काढावा लागतो, हे वर आलेच आहे. बॉल घट्ट केल्यावर लांब लेन्स केसभर खाली झुकते. सगळ्याच छोट्या बॉल हेडचा हा स्वभाव आहे, म्हणून फ्रेम किंचित वर धरून मग आवळावी.

पाण्यात किंवा चिखलात उभे राहायचे असेल तर नेहमीचा क्रम उलटा करावा. एरवी वरचे जाड खण आधी उघडतात आणि बारीक खण शेवटी. पाण्यात मात्र सर्वात खालचा बारीक खण आधी पूर्ण काढावा, म्हणजे त्याच्यावरचे लिव्हर पाण्याच्या वर राहतात. स्थिरता कमी होते हे खरे, पण वाळू सांध्यात शिरली तर पुढच्या प्रत्येक सहलीत ती पायाच्या नळीला खरवडत राहते. काम झाल्यावर ओला पाय मिटायचा नाही. घरी आल्यावर सगळे खण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावे, कापडाने पुसावे आणि उघड्या अवस्थेतच रात्रभर वाळू द्यावे. समुद्रावरून आल्यावर तर त्याच दिवशी, कारण मिठाने आधी स्क्रू धरतात, मग लिव्हर. तेल किंवा ग्रीस लावायचा मोह टाळावा. धूळ त्यालाच चिकटते आणि लिव्हरची पकड घसरते.

कार्बन की ॲल्युमिनियम? फरक पाव किलोहून थोडा जास्त. विमानात हातच्या बॅगेचे वजन मोजले जाते तेव्हा पाव किलो महत्त्वाचा असतो. घराजवळ गाडीतून उतरून दोन तास चालायचे असेल तर तो पाण्याच्या बाटलीत जातो. कार्बनचा दुसरा फायदा थंडीत कळतो: पहाटे ॲल्युमिनियमचा पाय हाताला चटका दिल्यासारखा गार लागतो, कार्बनचा लागत नाही. ठोकर सोसण्यात ॲल्युमिनियम जास्त सहनशील आहे, त्याला पोचा पडतो. कार्बनला तडा जातो. किमतीतला फरक मोठा आहे, आणि परतल्यावर विमानप्रवास वर्षातून एकदाच होणार असेल तर आमचे मत सरळ ॲल्युमिनियमच्या बाजूने.

ज्यांच्याकडे हा आधीच आहे, त्यांनी तो विकून जड ट्रायपॉड घ्यायची घाई करू नये. २४-७० मिलिमीटरसारखी लेन्स आणि मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा, एवढ्यासाठी तो शेवटचा खण बंद ठेवून भरवशाचा आहे. आणि बरोबर नेलेला हलका ट्रायपॉड, गाडीत राहिलेल्या जड ट्रायपॉडपेक्षा नेहमीच स्थिर असतो. पक्ष्यांची लांब लेन्स किंवा मॅक्रोचे, म्हणजे अगदी जवळून टिपायचे, बारीक काम असेल तर वेगळा, तीन-चार खणांचा ट्रायपॉड लागेलच, तिथे काटकसर करून उपयोग नाही. नव्याने घेणाऱ्यांनी एकच गोष्ट दुकानातच करावी: कॅमेऱ्याला एल-ब्रॅकेट (तळ आणि बाजू धरणारी एल आकाराची प्लेट) किंवा दुसऱ्या कुणाची प्लेट लावलेली असेल तर ती या हेडमध्ये बसते का, ते प्रत्यक्ष बसवून पाहावे. याची पकड प्लेटला चारही बाजूंनी वेढते, त्यामुळे आर्का पद्धतीची, म्हणजे अनेक कंपन्या वापरतात त्या घडणीची, प्रत्येक प्लेट इथे बसेलच असे नाही. सोबत आलेली प्लेट मात्र दुसऱ्या आर्का पकडीत बसते.