कार्डाचं कर्ज: सोनं ठेवावं, गटातून घ्यावं की हप्ते पाडावेत?

क्रेडिट कार्डाचं बिल ६० हजारांचं, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘किमान देय रक्कम ३,०००’. मी ३ हजार भरायची आणि पुढचा महिनाभर निवांत राहायची. असे सात महिने काढले. मग एका दुपारी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी डबा खाता खाता जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागे हिशोब मांडून दाखवला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. माझ्या ३ हजारांतून मुद्दलाला लागले ५२२. "मॅडम, शेकडा साडेतीननं तर आपला सावकारबी देते," सर म्हणाले, "अन् तो जीएसटी नाही लावत."

तेव्हापासून दोनदा कार्ड फेडलं. पहिल्यांदा सोनं ठेवून, दुसऱ्यांदा हप्ते पाडून. आता भाची विचारते आहे, नवीन लागलेली एक ग्रामसेविका विचारते आहे, म्हणून सगळे रस्ते एका ठिकाणी लिहिते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. घरी सहा एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी (म्हणजे कापूस) आणि सोयाबीन. म्हणजे घरात पैसा दोन तऱ्हांनी येतो: पगार महिन्याला, विकलेल्या पिकाचा चुकारा वर्षातून दोनदा. कोणता रस्ता घ्यायचा ते निम्मं यावरच ठरतं. उरलेलं निम्मं आपल्या हातावर. हात सैल असेल तर कमी व्याजाचं कर्जही महाग पडतं. ते कसं, ते पुढे सांगते.

आकडे समोरासमोर ठेवता यावेत म्हणून सगळीकडे ६० हजार आणि १२ महिने धरते.

कार्डावरच राहून फेडायचं

किमान रक्कम भरत राहणं याला मी फेडणं म्हणत नाही. पण ठरवून दर महिन्याला ६,४५० च्या आसपास भरले आणि कार्ड अजिबात वापरलं नाही, तर वर्षभरात सुटका होते. व्याज आणि जीएसटी मिळून १७ हजारांच्या वर जातात. ‘अजिबात वापरलं नाही’ हे महत्त्वाचं. मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या चपलेवर आजपासून व्याज. हे मला सात महिने माहीत नव्हतं. मी समजायची की जुनं व्याज वेगळं चाललं आहे आणि नवी खरेदी फुकटात.

या रस्त्याची एकच गोष्ट चांगली: कोणाला विचारावं लागत नाही, कोणाला कळत नाही. मला तर तीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

सोनं ठेवून

बँकेत सोनेतारण साधारण ९-१० टक्क्यांनी मिळतं, खासगी कंपन्यांत त्याहून बरंच जास्त. १० टक्के धरा. वर्षाचं व्याज ६ हजार. कापूस नोव्हेंबर-डिसेंबरात विकून पाच महिन्यांत सोडवलं तर २,५०० च. दर महिन्याला हप्ता नाही, शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं. कास्तकाराच्या घराला हे अगदी मापाचं बसतं. कागद कमी, तासाभरात काम होतं. मी जूनमध्ये पाटल्या ठेवल्या, त्याच दिवशी कार्डाचे ६० हजार भरले, आणि येताना बसमध्ये इतकं हलकं वाटत होतं की घाटंजीपर्यंत झोप लागली.

चूक तिथेच झाली. कार्ड कोरं झालं, म्हणजे लिमिट पूर्ण मोकळं झालं. पोळ्याला पोराला तान्हा पोळ्याचा लाकडी बैल घ्यायचा होता, तो घेतला, ठीक. मग बैलासोबत त्याचे कपडे. मग नवरात्र लागलं आणि मोबाईलवर सेल. आमच्याकडे सोयाबीनचे पैसे हातात येतात तोच हा पंधरवडा, हे त्या कंपन्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. दिवाळीपर्यंत कार्डावर पुन्हा २२ हजार चढले होते. पाटल्या बँकेत, बिल घरात. सासूबाई एवढंच बोलल्या, "काहून व बाई, कर्ज फेडाले गेली होती का वाढवाले?"

म्हणून कागदावर ६ हजारांत (किंवा अडीच हजारांत) सुटणारं कर्ज मला किती पडलं, ते मी त्या २२ हजारांसकट मोजते.

आणखी एक सांगून ठेवते. काउंटरवरचा माणूस हमखास म्हणतो, "एवढ्या सोन्यावर अजून मिळते, घेऊन टाका." सोन्याचे भाव चढले आहेत, आणि १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, आधी ७५ टक्के होती. जेवढं बिल, तेवढंच घ्या. वरचे १५ हजार घरी आले की ते घराचे राहत नाहीत.

कार्डाच्या बाकीचे हप्ते पाडून

बँकेच्या अॅपमध्ये किंवा फोन करून बाकीचे हप्ते पाडून मिळतात. दर १६ टक्के धरला तर महिन्याला ५,४५० च्या आत-बाहेर. वर्षाचं व्याज सव्वापाच हजार, त्यावरच्या जीएसटीसह ६,३०० च्या आसपास, वर एकदाचं प्रक्रिया शुल्क. सोन्याशी तुलना केली तर थोडं महाग, कार्डाच्या मूळ व्याजाशी केली तर निम्म्याहून कमी.

पण यात एक गोष्ट आहे जी जाहिरातीत कोणी सांगत नाही, कारण विकणाऱ्याच्या दृष्टीने ती अडचण आहे: हप्ते पाडलेली रक्कम लिमिटमध्ये अडकून राहते. हप्ता भरेल तसं तेवढंच मोकळं होतं. ७५ हजारांचं कार्ड, ६० हजारांचे हप्ते, म्हणजे वापरायला फक्त १५ हजार. माझ्यासारखीला ही दावण उपयोगाची पडली. दुसऱ्यांदा मी हेच केलं, आणि उरलेलं लिमिटही अॅपमधून कमी करून घेतलं. बँकेतून फोन आला, "मॅडम, लिमिट तर लोक वाढवून मागतात." मी म्हटलं, हो, मीही मागितलं होतं.

पगार पहिल्या आठवड्यात येतो आणि हप्त्याची तारीख १८ असेल, तर ते मधले दिवस धोक्याचे. बिलाची तारीख बदलून मागता येते; रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे निदान एकदा तरी ती द्यावीच लागते. मी ती पगाराजवळ आणून घेतली.

पतसंस्था आणि बचत गट

पगारदारांच्या पतसंस्थेत तुमचं सभासदत्व असेल आणि कर्जाची मर्यादा शिल्लक असेल, तर वरचं सगळं सोडा. ११ टक्के धरले तरी वर्षाचं व्याज साडेतीन हजारांच्या थोडं वर, आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. हातात आलेला पैसा देताना होतो तो जीवाचा आटापिटा होत नाही. माझी मर्यादा घराच्या कर्जात संपली होती. मात्र लिमिट मोकळं होण्याचा धोका इथेही सोन्याइतकाच आहे.

बचत गटाचं वेगळं आहे. आमच्या गावातल्या गटात महिन्याला शेकडा २ चालतं. महिन्याला ५ हजार मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज, असं बारा महिन्यांत ७,८०० व्याज होतं. सोन्यापेक्षा जास्त, हप्त्यांपेक्षाही जास्त. पण ते व्याज गटातच राहतं, वर्षाअखेर सगळ्याजणींत फिरतं. खरा प्रश्न रकमेचा. लहान गटाच्या पेटीत एकदम ६० हजार नसतात, आणि असले तरी पेरणीच्या तोंडावर ते एकटीने उचलणं बरं दिसत नाही. १०-१५ हजारांचं बिल असेल तर मात्र गटासारखं काही नाही. कारण दर महिन्याच्या बैठकीला नवीन साडी नेसून गेलात की कोणीतरी विचारतंच, "हप्ता भरला का व वहिनी?" एवढा पहारा कोणतंच अॅप ठेवत नाही. ज्यांना हा पहारा नकोसा वाटतो त्यांनी गटाकडे जाऊ नये, नाहीतर कर्जाबरोबर मैत्रिणीही जातील.

ज्या दोन रस्त्यांना मी हात लावला नाही

पहिला पीककर्जाचा. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेवर भरलं तर ४, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येऊ शकतं. आकड्यांत याच्या जवळपास कोणी नाही, म्हणून मोह होतो. आमच्या ह्यांनीच सुचवलं होतं. पण ते पैसे बियाणं, खत, फवारणीचे. जूनमध्ये ते कार्डात घातले तर जुलैत कृषी केंद्रावर उधारी, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा वेगळा असतो हे कोणत्या कास्तकाराला सांगायला नको. त्यात पाऊस दगा देऊन दुबार पेरणी आली, तर दार सावकाराचंच.

दुसरा ‘सेटलमेंट’चा. बिल थकलं की फोन येतो: ६० चे ३५ भरा, विषय संपवा. विषय संपत नाही. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, आणि पुढे ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज मागायला गेलं की तो आडवा येतो. नोकरीच गेली, दवाखान्याने घर धुऊन नेलं, अशा वेळी तो पर्याय आहे. साड्यांच्या बिलासाठी नाही. वसुलीच्या फोनांना घाबरून हा सौदा करू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करता येत नाही.

घरात मुदत ठेव असेल तर ती मोडावी का, असं ग्रामसेविकेने विचारलं. साडेसहा टक्के मिळवायचे आणि चाळीसच्या वर भरायचे, यात विचारण्यासारखं काय आहे? मोडा. दवाखान्यापुरते बाजूला ठेवा आणि मोडा.

दोन कार्डं असतील तर आधी कोणतं? हिशोब सांगतो, जास्त व्याजाचं. पण कार्डा-कार्डांच्या व्याजात फरक थोडाच असतो, म्हणून मी लहान बिल आधी संपवायला सांगते. एक कार्ड कायमचं बंद झालं की उलाढाल करायला एक जागा कमी. बाकी शून्य करून बंद करायचा अर्ज दिला की सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं; नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच जपून ठेवा.

हात आवरण्याचे उपाय

कार्ड कात्रीने कापणं दिसायला जोरदार, उपयोगाला कमी. माझं कापलेलं कार्ड डब्यात होतं आणि त्याचा नंबर खरेदीच्या अॅपात जपून ठेवलेला होता. तो तिथून काढणं जास्त कामाचं. बँकेच्या अॅपमध्ये ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची कळ असते, तीही दाबा. पुन्हा चालू करायला दोन मिनिटं लागतात हे खरं, पण रात्री अकराला अंथरुणात पडून घेतलेल्या वस्तूला ती दोन मिनिटंही पुष्कळ होतात.

मागवायचंच असेल तर वस्तू आल्यावर रोख द्यायची पद्धत ठेवा. आमच्या गावात कुरिअरवाला घरापर्यंत येत नाही, फाट्यावर उभा राहून फोन करतो. भर उन्हात ९०० रुपये मोजून घेऊन फाट्यावर जायचं म्हटलं की अर्ध्या वस्तू परत जातात. कार्डाने आधीच भरलेली वस्तू आणायला मात्र आपण धावत जातो.

सगळ्यात निसरडं म्हणजे यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड. २०२२ पासून ही सोय आली आणि बाजारातल्या भाजीवाल्याशेजारी, साडीच्या दुकानात, जत्रेत, जिथे कोड लावलेला आहे तिथे उधारी सुरू झाली. स्कॅन करताना पैसे खात्यातून गेले की कार्डातून, ते लक्षातही राहत नाही. किराणा दुकानदार निदान वहीत लिहिताना वर बघतो. भाचीचे ५८ हजार बहुतेक असेच २००-३०० करून जमले आहेत. तिला मी आधी ते कार्ड यूपीआयमधून काढायला लावलं, सोनं की हप्ते ते नंतर.

ती अंगणवाडीत आहे, मानधन पुढेमागे होतं, नवऱ्याचा कापूस डिसेंबरात. तिच्यासाठी सोनं बसतं, पण ज्या दिवशी बिल भरेल त्याच दिवशी कार्ड बंद करायचा अर्ज देणार असेल तरच. ती म्हणते, बंद कशाला, असू दे अडीअडचणीला. मग मी म्हटलं, हप्ते पाड. अजून ठरलेलं नाही. पाटल्या सध्या तिच्या हातात आहेत आणि बिलाची तारीख येत्या १८ ची आहे.