चेरी की क्रिस्टल? कोल्हापुरात कोळंबीची टाकी लावण्याआधी

गोड्या पाण्यातली कोळंबी घरी पाळायची म्हटलं की दुकानदार दोन नावं पुढे करतो. एक लाल चेरी, दुसरी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल. दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या, दोन्ही दिवसभर शेवाळ चरत फिरणाऱ्या. शेजारी शेजारी पाहिल्या की क्रिस्टलवर जीव जडतो आणि बहुतेकांची चूक तिथंच होते. चेरी नळाच्या पाण्यात राहते. क्रिस्टलसाठी पाणी घरी तयार करावं लागतं आणि एप्रिल-मेमध्ये ते गारही ठेवावं लागतं. पहिलीच टाकी असेल तर चेरी घ्या.

आकडे असे. चेरीला पीएच (पाण्याची आम्लता) 6.5 ते 8, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा) 6 ते 8, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) 150 ते 250 आणि तापमान 20 ते 28 अंश मानवतं. क्रिस्टलला पीएच 6 ते 6.8, जीएच 4 ते 6, केएच (कार्बोनेटमुळे येणारा जडपणा) जवळपास शून्य, टीडीएस 100 ते 150 आणि तापमान 20 ते 24 लागतं. एकाच टाकीत दोन्ही नीट राहत नाहीत, कारण एकीला मानवणारं पाणी दुसरीला सोसत नाही. त्यांचा आपसात संकर मात्र होत नाही. लाल आणि निळी चेरी एकत्र ठेवलीत तर होतो, आणि काही पिढ्यांत सगळी पिल्लं मातकट निघतात. एका टाकीत एकच रंग ठेवा.

पाणी

कोल्हापूरच्या नळाला काळम्मावाडीचं पाणी येतं, थेट पाइपलाइन बंद पडली की पंचगंगेचं येतं, आणि अडचणीच्या दिवसांत टँकर. स्रोत बदलला की टीडीएस बदलतो. त्यामुळे टीडीएस मीटर ही पहिली खरेदी, जीएच-केएचचं टेस्ट किट दुसरी. बोअरचं पाणी मोजल्याशिवाय वापरूच नका.

चेरीसाठी नळाचं पाणी बादलीत हवेचा पंप लावून 24 तास ठेवा किंवा हायपो (क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे) वापरा. 10 ग्रॅम हायपो 1 लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचा आणि 20 लिटरच्या बादलीला त्यातलं 15 मिली घालायचं. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण 7 मिलिग्रॅम हायपो लागतो, त्यावरून हा हिशेब आहे. महापुरानंतर क्लोरीनचा वास उग्र येत असेल तर मात्रा दुप्पट करा.

क्रिस्टलसाठी आरओचं पाणी घेऊन त्यात कोळंबीचं जीएच मीठ मिसळायचं आणि टीडीएस 120 वर आणायचा. घरच्या पिण्याच्या आरओला बऱ्याचदा मिनरल किंवा कॉपरचं काडतूस असतं. त्याच्या आधी, थेट मेम्ब्रेनमधून निघणारं पाणी घ्या. तांबं कोळंबीला विष आहे, मग ती कुठलीही असो. म्हणून बंबातलं, तांब्याच्या हंड्यातलं किंवा कळशीतलं पाणी टाकीत कधीच घालायचं नाही. माशांच्या औषधांतही तांबं असतं. बाटलीवरची यादी वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नका.

टाकी आणि तळ

18×12×12 इंचांची टाकी दोघींनाही पुरते, वापराचं पाणी साधारण 35 लिटर भरतं. एक फुटाच्या चौकोनी टाकीतही चेरी राहते, पण पाणी कमी असलं की तापमान भराभर वरखाली होतं. स्पंज फिल्टर दोन्हीकडे सर्वांत चांगला, त्यात पिल्लं ओढली जात नाहीत. मागे टांगायचा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बसवा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह घाला, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

चेरीला धुतलेली बारीक काळी खडी चालते. क्रिस्टलला ॲक्टिव्ह सॉइल लागते. दोन इंचांच्या थराला या टाकीत 7 लिटर पुरते. ही माती पाण्यातला केएच शोषून पीएच खाली धरते आणि वर्ष-दीड वर्षात तिची ताकद संपते. केएच असलेलं नळाचं पाणी घातलंत तर आणखी लवकर. सुरुवातीचे तीन-चार आठवडे ती अमोनियाही सोडते. सजावटीला संगमरवर किंवा शिंपले नकोत. दगडावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर तो क्रिस्टलच्या टाकीत जाणार नाही.

दोन्ही टाक्या चार ते सहा आठवडे पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून, पण कोळंबीशिवाय चालवाव्याच लागतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 20 च्या खाली आल्यावरच कोळंबी आणा. दहा-पंधरा पुरेत. पिशवीतून थेट टाकीत सोडू नका. ती पिशवीतल्या पाण्यासह एका भांड्यात घ्या, टाकीतलं पाणी बारीक नळीने त्यात सोडा, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असं करा आणि चेरीला दोन तास, क्रिस्टलला तीन तास द्या.

उन्हाळा

सगळ्यात मोठा फरक इथे आहे. उन्हाळ्यात घरातलं पाणी सहज 31-32 अंशांवर जातं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी होतात. त्या दिवसांत हवा कोरडी असते, त्यामुळे हा उपाय चांगला चालतो. चेरीचं तेवढ्यावर निभावतं. क्रिस्टलचं नाही. तिला चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) किंवा दिवसरात्र चालणारा एसी हवा, आणि चिलरचा खर्च बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त असतो. बर्फाची बाटली टाकणं दोघींनाही वाईट, कारण तापमान हिसके देत वरखाली होतं. आटलेलं पाणी भरताना आरओचंच घाला. क्षार आटत नाहीत, नळाचं पाणी घालत राहिलात तर टीडीएस चढत जातो.

पावसाळ्यातला धोका

डेंग्यूसाठी गल्लीत धूरफवारणी येते आणि घरोघरच्या पाण्याच्या टाक्यांत अबेट (डासांच्या अळ्या मारणारं औषध) टाकलं जातं. दोन्ही कीटकनाशकं आहेत आणि कोळंबीचं शरीर कीटकांच्या जवळचं. फवारणीच्या वेळी खिडक्या आणि टाकीचं झाकण बंद करून हवेचा पंप तासभर थांबवा, तो बाहेरची हवा थेट पाण्यात ओढतो. अबेट टाकलेल्या टाकीतलं पाणी वापरू नका, एक-दोन बादल्या आधीच भरून ठेवा. त्याच खोलीत डासांचं लिक्विड किंवा कॉइलही नको.

मरतात तेव्हा

पाठीवर पांढरी कडी दिसून कोळंबी मेली तर कात टाकताना अडकली असं समजा. कारण बहुधा जीएच कमी असणं किंवा एकदम खूप पाणी बदलणं. आठवड्याला 10 टक्केच बदला, तेही हळूहळू. तळाशी पारदर्शक, पोकळ कवच दिसलं तर ती कात आहे. ती तशीच राहू द्या, कोळंबी ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. गुलाबी, अपारदर्शक दिसली तर मेलेली, लगेच काढा. आणल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकामागून एक मेल्या तर नव्या पाणवनस्पतीवरचं औषध तपासा. नवी वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलून ठेवायची. दाणे अडीच-तीन तासांत संपतील एवढेच टाका. बाजारातला पालक फवारलेला असू शकतो, कुंडीतला उकळून घाला. सुकलेलं देशी बदामाचं पान मात्र दोघींना कायम असू द्या.

सगळं जमलं तर चेरीची मादी पोटाखाली 20-30 अंडी धरते आणि तीन-चार आठवड्यांत आईसारखीच इवलीशी पिल्लं बाहेर पडतात. क्रिस्टलही तशीच वाढते, फक्त पाणी स्थिर हवं.

क्रिस्टलच हवी असेल तर मृगाचा पाऊस सुरू झाला की टाकी लावा आणि गणपतीनंतर कोळंबी आणा. पुढचे पाच-सहा महिने पाणी सांभाळायला सोपं जातं आणि चिलर मार्चपर्यंत घेता येतो. चेरी कधीही आणा, फक्त एप्रिल-मेमधल्या दुपारी पिशवीतून नको.